ब्रेकला डावा पाय

"निसटली! परत निसटली, च्यायला!"

वखारीच्या आतून एवढं ऐकू आलं आणि पाठोपाठ लाकूड फरशीवर आपटल्याचा आवाज झाला. मी दारातच थांबले. एकट्या बाईमाणसाने अशा जागी आत शिरावं का, असा विचार माझ्या जागी दुसरीने केला असता. पण मार्चचं ऊन डोक्यावर घेऊन मी बराच वेळ त्या वखारीभोवती एक विहीर शोधत फिरत होते आणि आता मला विहीर तरी हवी होती, नाहीतर भांडायला माणूस तरी.

"ओ, कोणी आहे का आत?"

"न्हाई!" आतून उत्तर आलं.

म्हटलं, वा! आणि गेले आत.

मी तेव्हा भूजल खात्यात होते. ठरलेल्या विहिरींमध्ये टेप सोडायची, पाणी किती खोल गेलंय ते मोजायचं, लिहायचं, पुढच्या विहिरीला जायचं. वर्षातून चारदा त्याच त्या विहिरी. कोल्हापूरला बदली झाली त्याच वर्षी आई गेली. लग्न आधी जमलं नव्हतं, मग जमवायचं राहून गेलं. सगळा दिवस बांधाबांधाने हिंडून संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं, की मी आत पाऊल टाकताना "आले गं" म्हणायची. सवय होती. कोणी नाही हे माहीत असून म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडून चहाचं भांडं आदळायची.

तर ती वखार जयसिंगपूरच्या पुढे, ऊसमळ्यांच्या मध्ये होती. पूर्वी तंबाखूची असणार, कारण आत पाऊल ठेवताच मला लागोपाठ शिंका सुरू झाल्या. उन्हातून आल्यामुळे आधी काहीच दिसेना. मग दोन्ही बाजूंना बारदानाने झाकलेले मोठे मोठे ढीग दिसायला लागले. तंबाखूची बोदं असतील म्हणून मी आधाराला एकावर हात ठेवला, तर हाताला गार लोखंड लागलं. बारदानाचा कोपरा उचलला. खाली बशीएवढा दिवा होता. मोटारीचा.

दुसरं उचललं. काळी डॉज, लांबलचक. तिसऱ्याखाली डुक्कर फियाट, आमच्या गावच्या डॉक्टरांकडे होती तशी. मग एक मॉरिस, एक ऑस्टिन आणि नावं मला माहीत नाहीत अशा आणखी दोनतीन. एकीवरही धूळ नव्हती. प्रत्येकीच्या तोंडावर खंडेनवमीचं कुंकू होतं आणि वाळून कडकडीत झालेल्या झेंडूच्या माळा अजून तशाच होत्या. बाहेर बैलगाड्यांची चाकोरी आणि आत हे! मी आ वासून उभी राहिले. असल्या वेळी कुणालातरी कोपराने ढोसून "अगं, बघ की" म्हणावंसं वाटतं. मी इकडे तिकडे बघितलंसुद्धा.

"शिवू नगा!"

आवाज जमिनीतून आला. शेवटच्या गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय सरपटत सरपटत बाहेर आले, त्यांच्यामागे सत्तरीचे एक उंच, हाडकुळे गृहस्थ आले. हातात पाना, कपाळाला काळं तेल.

"मुंबईची का पुण्याची?" त्यांनी विचारलं.

"कऱ्हाडची."

"गाड्या इकायच्या न्हाईत. फोटो काढायचा न्हाई. निघा."

"मला तुमच्या गाड्या नकोत. मला विहीर हवीय. सरकारी विहीर आहे, तुमच्या आवारात. तुम्ही निघा म्हणालात म्हणून ती निघून जाणार आहे का?"

त्यांनी पान्यानेच मागचं दार दाखवलं. "भिंतीच्या मागं हाय. पर जरा थांबा. तुमचं वजन किती?"

"काय?"

"तसं न्हवं हो! पायात जोर हाय का, म्हणून इच्यारतोय."

मग कळलं. त्यांचं नाव भूपाल चौगुले, सगळे अण्णा म्हणायचे. एके काळी तंबाखूचे मोठे व्यापारी. वखार चालली, मग बंद पडली, आणि मोकळ्या वखारीत त्यांनी एकेक जुनी गाडी आणून उभी केली. ज्या गाडीखाली ते आडवे झाले होते ती हिलमन, पिस्त्यासारख्या रंगाची, आणि तिच्या ब्रेकच्या नळीत हवा शिरली होती. हवा शिरली की पाय कितीही दाबा, गाडी थांबत नाही.

"हवा काढायची म्हंजे दोन माणसं लागत्यात," ते म्हणाले. "एक वर, एक खाली. वरच्यानं ब्रेक दाबून धरायचा, खालच्यानं चाकामागचा स्क्रू सैल करायचा. तेलाबरोबर हवा भाईर. मग स्क्रू आवळायचा, मग वरच्यानं पाय सोडायचा. वरच्यानं आधी सोडला की हवा परत आत. मी फळी लावून बगतोय. शीट आन् ब्रेक यांच्यामधी फळी अडकवायची. खाली जाऊन स्क्रू सैल केला की ब्रेक खाली जातंय, आन् फळी निसटती."

"मग मेकॅनिक बोलवा की."

"दोन बोलावलं हुतं. दोगास्नी हाकललं."

"का?"

"आधी पाय सोडत्यात. बोललं की राग येतोय."

मला हसू आलं. "आणि आधी कोण दाबायचं?"

वखारीला लागूनच त्यांची राहती खोली होती, मध्ये एक दार आणि गज असलेली खिडकी. ते खिडकीकडे बघत होते.

"ती," ते म्हणाले. "लगीन झाल्यापास्नं तीच. ह्या सगळ्या गाड्यांचं ब्रेक तिच्या पायाखालनं गेल्यात. दिवाळीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सकाळची बाई येती, अंग पुसती, जाती. मग आमी दोगंच."

पाना त्यांनी या हातातून त्या हातात घेतला.

"आता जेवण सोडलंय. भिंतीकडं त्वांड करून पडती. मी घास नेला की दात आवळती. ऐतवारी पोरगा येणार हाय, पुण्याला न्यायला. तितं चोवीस तास माणसं असत्यात म्हणं. मला म्हणतोय, तुमी आईकडं नुसतं बगत बसताय. खरं हाय त्याचं. दुसरं काय करणार मी? दरसाल आमी ह्या हिलमननं बाहुबलीला दर्शनाला जायचो. मी म्हणतो, एकदा हिच्यात बसवून डोंगरापातूर नेतो. जेवंल ती. मला म्हाईत हाय, जेवंल. आन् जेवली तर पोरगा कशाला न्हेतोय?"

मला हे काही पटलं नाही. माझ्या आईनेही शेवटी जेवण सोडलं होतं, आणि तिला मी कुठे कुठे नेलं नव्हतं! पण हे असं तोंडावर सांगतात होय? शुक्रवार होता. त्यांच्याकडे एक दिवस होता. मी पिशवी खाली ठेवली आणि पदर खोचला.

"सांगा कुठं बसायचं."

गाडीचं दार उघडं होतं. साडी सावरत मी तिरकी टेकले, उजवा पाय बाहेरच ठेवला आणि डावा आत घेऊन ब्रेकवर दिला.

"आँ आँ! डावा?" अण्णा जवळजवळ किंचाळले. "ब्रेकला डावा पाय लावत्यात व्हय? डावा पाय क्लचचा! उजवा घ्या, उजवा!"

"अहो, गाडी उभी आहे. कुठला पाय आहे ते तिला काय कळतंय?"

"तिला कळत नसंल, मला कळतंय. उजवा!"

घेतला बाई उजवा. नीट आत सरकून, शहाण्यासारखी बसले. ब्रेकचं रबर झिजून मधोमध गुळगुळीत झालं होतं. माझा पाय त्या खळग्यात बरोबर बसला नाही, त्या बाईंचा लहान असणार.

"मी दाब म्हणलं की दाबायचं. जाईल तेवढा दाबला की 'धरला' म्हणायचं. सोड म्हणल्याबिगर जीव गेला तरी पाय उचलायचा न्हाई. काय?"

"काय नाही. व्हा आडवे."

ते गाडीखाली गेले. आता फक्त आवाज.

"दाब."

दाबला. "धरला!"

खाली पाना कुरकुरला, पाय आपोआप आणखी आत गेला. खाली ठेवलेल्या बाटलीत तेल बुडबुडल्याचं ऐकू आलं.

"सोड."

सोडला.

"दाब."

"धरला!"

असं चाललं. सोपं काम होतं, पण मला काहीतरीच व्हायला लागलं. आई गेल्यापासून मला कोणी 'हे धर गं' म्हणालं नव्हतं. ऑफिसात मॅडम, एसटीत बाई, विहिरीवर एकटी. इथे गाडीखालचा एक अनोळखी म्हातारा मला 'दाब' म्हणत होता आणि माझ्या 'धरला' वाचून त्याचा पाना हलत नव्हता. मला बरं वाटत होतं, हे कबूल करते. फार बरं वाटत होतं.

पहिलं चाक संपत आलं तेवढ्यात खोलीत ठणकन भांडं पडलं.

"पाणी पायजे आसंल," म्हणून अण्णा उठून आत गेले आणि परत आले. "पाणी न्हाई पीत. पेला भिरकावलाय. ऱ्हाऊ दे. दाब."

"धरला!"

ठण्ण! या वेळी ताटली असावी. अण्णा खालूनच म्हणाले, "असंच करती. कायबी केलं तरी खूश न्हाई."

"मी बघून येते," मी म्हटलं. बाईचं बाईला कळतं, असा माझा आपला समज.

खोली स्वच्छ होती. पलंगावर एक लहानखुरी बाई होती, पांढऱ्या केसांची बोटाएवढी वेणी. भिंतीकडे तोंड केलेलं नव्हतं. मान वळवून ती दाराकडेच बघत होती, आणि मी आत आले तशी माझ्याकडे असं काही बघितलं की बस! मी तिचा नवराच पळवायला आले होते जणू.

"काकू," मी म्हटलं, "नेत नाही हो मी त्यांना. फुकट दिले तरी नकोत. सारखे ओरडतात."

ती हसली नाही. डोळ्यांतून पाणी मात्र वाहत होतं, कानापर्यंत. मी उशाशी बसले, पदराने डोळे पुसायला गेले तर डाव्या हाताने तिने माझा हात झटकला. हातात चांगला जोर होता.

बाहेरून अण्णांचा पारा चढला. "मॅडम! या की! तेल सांडालंय हितं! दाब म्हणालो मी, दाब!"

आणि पांघरुणाखाली काहीतरी हललं.

मी बघितलं. पायगतीला पलंगाची फळी होती. पांघरुणाच्या आतला डावा पाय त्या फळीवर टेकला होता आणि ती तो दाबत होती. सगळा जीव एकवटून, ओठ आवळून. फळी कुरकुरली. पाय तसाच राहिला. ती खिडकीकडे बघत वाट बघत होती.

"अण्णा!" मी ओरडले. "सोड म्हणा!"

"काय?"

"सोड म्हणा हो!"

"तुमी तिकडं, मी कुणाला सोड म्हणू?"

"म्हणा म्हणते ना!"

"सोड!" अण्णा वैतागून ओरडले.

पाय मागे आला.

"आता दाब म्हणा!"

"येड लागलंय काय बाई तुमाला? दाब!"

पाय पुढे गेला, फळीवर टेकला. मी पांघरुणाचं टोक वर केलं. फळीवर एका जागी तेलकट, चकचकीत डाग पडला होता, टाच घासून घासून. आजचा नव्हता तो. अण्णा रोज तिथे फळी अडकवत होते, निसटली की शिव्या देत होते, आणि ही इथे पडल्या पडल्या त्यांच्यासाठी ब्रेक दाबत होती. कोणाला सांगणार? वाचा नव्हती. आणि त्यांनी घास पुढे केला की दात आवळत होती.

अण्णा दारात येऊन उभे राहिले, हातातून तेल ठिबकतंय.

"पाय चालतोय त्यांचा," मी म्हटलं.

"डावा," ते म्हणाले.

"हो, डावाच."

"पर ब्रेकला डावा पाय..."

तिथेच थांबले. बायकोकडे बघितलं, पांघरुणाबाहेर आलेल्या पायाकडे बघितलं, आणि मग धोतर सावरत उंबऱ्यावरच बसले.

"पन्नास वर्सं गाडी चालवतोय," ते म्हणाले. "डावा पाय क्लचचा, डावा पाय क्लचचा. माज्या डोस्क्यातच आलं न्हाई गं. तू हितं, आन् मी तितं लाकूड लावत बसलोय!"

आणि एवढा उंच माणूस ढसाढसा रडायला लागला. मला काय करावं कळेना. दुसऱ्याच्या घरातलं रडणं बघायचं नसतं, म्हणून मी जमिनीवरचा पेला आणि ताटली उचलून ठेवली. पलंगावरून चापट मारल्यासारखा आवाज आला. ती डाव्या हाताने गादीवर थाप मारत होती. पुरे झालं, उचला मला, असा त्याचा अर्थ होता. शब्द नसले म्हणून काय झालं?

आम्ही दोघांनी हातांची खुर्ची केली आणि तिला बसवून नेलं. दिसायला चिमणी, पण उचलायला चांगली जड होती. दोनदा टेकवावी लागली. हिलमनच्या सीटवर बसवलं, उजवीकडे कलायला लागली तशी मी पलंगाची चादर आणून तिला पाठीशी बांधली. अण्णांनी डावा पाय उचलून ब्रेकवर ठेवायला हात पुढे केला, तर तिने मान हलवली. पाय स्वतःच सरकवला. थोडा चाचपडला, मग सापडलं. त्या गुळगुळीत खळग्यात तो अगदी बरोबर बसला.

अण्णा गाडीखाली गेले. मग, घसा खाकरून, अगदी हळू:

"अगं, दाब."

पाय खाली जायला लागला. थरथरत होता, पण गेला. जाईल तेवढा जाऊन टेकला.

खालून प्रश्न आला, "धरला काय?"

वर तिने पाय गच्च दाबून धरला होता.

"अगं, धरला काय? सांग की. मला खालनं दिसत न्हाई." आवाजात भीती होती. "धरला न्हाईस काय?"

तिचे ओठ हलत होते. गळ्याची शीर ताठ झाली होती, पण शब्द काही येईना. माझ्याच्याने बघवेना. तिच्या वतीने 'धरला' म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा डावा हात वर आला. माझ्याकडे एक नजर टाकून तिने तो हॉर्नवर ठेवला आणि दाबला.

पॉंऽऽऽ!

छपराच्या वाशांवरचे सगळे पारवे एकदम उडाले. गाडीखाली पाना पडल्याचा आवाज झाला. मग अण्णा खाली पडल्या पडल्या हसत होते की रडत होते, ते मला आजही सांगता येणार नाही. "अगं थांब, थांब, सोडू नगंस!" एवढं मात्र ऐकू आलं.

तिने सोडला नव्हता. ती बाई जीव गेला तरी सोडणार नव्हती.

"सोड," अण्णा म्हणाले. "दाब."

पॉं.

मी तिच्या खांद्याला हात लावून उभी होते, तोल जाऊ नये म्हणून. तिने खांदा उडवून माझा हात काढायला लावला. डोळे कोरडे झाले होते. ती समोर काचेतून बघत होती, पुढे घाट असल्यासारखी. माझं काम संपलं होतं. मी पिशवी घेतली आणि "येते मी" म्हणाले. दोघांपैकी कोणाला ऐकू गेलं नाही.

विहीर मागेच होती. मी टेप सोडली, पाणी मोजलं, लिहिलं आणि एसटी गाठली. सगळ्या वाटेने कानात तो हॉर्न होता. संध्याकाळी खोलीचं कुलूप काढलं आणि "आले गं" म्हणायला गेले, तर आवाजच फुटला नाही. दारातच बसून राहिले. शेजारच्या वहिनींनी विचारलं, बरं नाही का? म्हटलं, ऊन लागलं.

त्यानंतर मी मे महिन्यात तिथे गेले, त्याच विहिरीच्या पाळीला. खरं सांगते, जावंसं वाटत नव्हतं. तो रविवार केव्हाच येऊन गेला होता. मुलगा आला असेल, तिला नेलं असेल. किंवा दुसरं काही. बांधावरून जाताना मी स्वतःला बजावत होते, इंदुमती, तुझा काय संबंध? टेप सोड आणि चालती हो.

वखारीच्या भिंतीपाशी पोचले आणि आतून आवाज आला.

"दाब."

पॉं.

"सोड."

मी दाराच्या फटीतून बघितलं. तीच हिलमन. चादरीऐवजी आता रुंद पट्टा होता, मुद्दाम शिवून घेतलेला. काकूंच्या डोक्याला तेल, कपाळाला कुंकू, गालांवर थोडं मांस आलेलं. शेजारच्या सीटवर जेवणाचा डबा, अर्धा खाल्लेला. गाडीखालून अण्णांचे दोन पाय बाहेर. चाकांना नवी माती लागलेली होती, म्हणजे गाडी रस्त्यावर जाऊन आली होती, ब्रेक व्यवस्थित होते. त्या नळीत हवेचा एक बुडबुडा उरलेला नसणार. मार्चपासून मेपर्यंत कसली हवा काढतायत हे लोक?

"दाब."

पॉं.

दार ढकलायला मी हात उचलला होता. आत गेले असते तर अण्णांनी ओळखलं असतं, बसवलं असतं, ताक दिलं असतं. पण ते काम दोघांचं होतं, तिसऱ्याला तिथे जागा नव्हती. मी हात खाली घेतला आणि मागे विहिरीकडे गेले.

पाणी खूप खाली गेलं होतं. टेप सोडली, ती खाली जातच राहिली. मी काठावर ओणवी होऊन वाट बघत होते. भिंतीपलीकडून परत "दाब" ऐकू आलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी विहिरीत तोंड घालून म्हणाले, "धरला."

खालून माझाच आवाज परत आला.

मग टेप वर ओढली, आकडा लिहिला आणि पुढच्या विहिरीला गेले.